चित्रं विकून पूरग्रस्त शाळांना मदत : सोलापूरकर पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

सप्टेंबर २०२५ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या सीना नदीला पूर आला, तेव्हापासून आम्ही काही चित्रकला शिक्षक, एक फ्रेमवाले आणि हिशेबाला पक्क्या अशा दोन ताई मिळून चित्रं विकतो आणि आलेले पैसे नदीकाठच्या शाळांना देतो. प्रश्न व्हॉट्सअॅपवर येतात, प्रदर्शनाच्या दारात येतात, फोनवर तर रात्री साडेदहालाही येतात. तेच तेच येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. कायद्याच्या आणि कराच्या उत्तरांत आम्हाला कळलं तेवढंच आहे. मोठी रक्कम असेल तर सीएला विचारूनच पुढे जा.

१. चित्रं विकून शाळा उभी राहते का हो? खरं सांगा.

नाही. वर्गखोली बांधायला लाखो रुपये लागतात आणि ते काम जिल्हा परिषदेचं, शासनाचं आहे. आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त खपतात ती वहीच्या पानाएवढी जलरंगातली चित्रं. त्यातून स्लॅब पडत नाही.

पण पंचनाम्यात काय येतं ते एकदा बघा. भिंत येते, छप्पर येतं, बाक येतात. पहिलीच्या बाईंनी वर्षानुवर्षं जमवलेली चिंचोक्यांची आणि मण्यांची बरणी येत नाही. लेझीम येत नाही, पेटी येत नाही, भिंतीवरचा गुंडाळी नकाशा येत नाही. सरकारी पैसा मोठा असतो, पण तो कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या कोणत्या सदरात आला हे ठरलेलं असतं. चित्राचा पैसा थोडा असतो, पण मोकळा असतो. जिथे कुठलंच लेखाशीर्ष पोचत नाही तिथे तो लावायचा, एवढंच आमचं म्हणणं.

२. नेमक्या कोणत्या शाळा? सोलापुरात तर पूर आलाच नव्हता.

शहरात तसा नव्हता, म्हणूनच शहरातल्या अनेकांना त्याची कल्पना नाही. सीना अहिल्यानगर जिल्ह्यातून येते. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर असा प्रवास करत हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते. एरवी वर्षातला बराच काळ तिच्या पात्रात गुरं बसलेली दिसतात. आपलं सगळं लक्ष उजनीकडे : धरण किती टक्के भरलं, भीमेत किती पाणी सोडलं. त्या सप्टेंबरात वरच्या अहिल्यानगर, बीड, धाराशिव भागात जोराचा पाऊस झाला, सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या धरणांचं पाणी खाली आलं आणि सीना पात्र सोडून शेतांत, गावांत शिरली. लांबोटीजवळ पुणे-सोलापूर महामार्ग बंद ठेवावा लागला, तेव्हा कुठे शहराला कळलं.

याच काठावरच्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा आम्ही घेतो. जाता जाता एक सांगतो. हत्तरसंग-कुडलच्या संगमावर शके ९४० चा मराठी शिलालेख आहे आणि त्यात हे वाचेल तो विजयी होईल अशा अर्थाची ओळ आहे. त्याच नदीने या वेळी वाचनालयाची कपाटं उलटी केली.

३. माढा तालुक्यातल्या शाळा तर जगात गाजलेल्या. त्यांना मदत कशाला?

हा प्रश्न थट्टेत येतो, पण येतो. परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० च्या ग्लोबल टीचर प्राइझचे मानकरी हे खरं. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटली, हेही खरं. पण एका गुरुजींना बक्षीस मिळालं म्हणून शेजारच्या गावाच्या शाळेतला चिखल आपोआप निघत नाही.

४. पैसे कोणाच्या खात्यात जातात? तुमच्या की शाळेच्या?

आमच्यापैकी कोणाच्याही वैयक्तिक खात्यात एक रुपयाही येत नाही. टेबलावरचा क्यूआर कोड ज्या नोंदणीकृत न्यासाबरोबर आम्ही काम करतो त्यांचा आहे. स्कॅन केल्यावर न्यासाचंच नाव दिसलं पाहिजे. दुसरं नाव दिसलं तर पैसे पाठवू नका, आम्हाला ओरडून सांगा.

पुढे शक्यतो आम्ही रोख देत नाही, वस्तूच देतो. रक्कम द्यायचीच झाली तर ती शाळा व्यवस्थापन समितीच्या बँक खात्यात जाते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार ही समिती असते, तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक असतात आणि मुख्याध्यापक सचिव असतात. समितीचा ठराव आधी, पैसे नंतर. सरपंच, केंद्रप्रमुख, ‘गावातलं वजनदार माणूस’ यांच्या हातात काही देत नाही. यावरून एका गावात आमच्यावर रुसवाही झाला. चहा मिळाला नाही, बाकी काही बिघडलं नाही.

५. शाळेला काय हवं हे कोण ठरवतं?

शाळा ठरवते. हे आम्ही ठेच लागून शिकलो. पहिल्या खेपेला आम्ही आमच्याच मनाने रंगपेट्या आणि चित्रकलेच्या वह्या घेऊन गेलो. चित्रकला शिक्षकांना दुसरं काय सुचणार? मुख्याध्यापक बाईंनी हसून सगळं ठेवून घेतलं आणि मग हळूच म्हणाल्या, “सर, पुढच्या वेळी येताना फिनेल आणि खराटे आणता का? अन् बसायला पट्ट्या. फरशी अजून गार आहे, पोरं उकिडवी बसतात.” बाजूच्या खोलीत आधीच आलेल्या रंगपेट्यांचे खोके छताला टेकले होते.

आता एक साधा कागद पाठवतो. त्यावर तीनच ओळी असतात : उद्याच्या उद्या काय लागेल, दिवाळीपर्यंत काय लागेल, आणि कोणीच देत नाही असं काय आहे. तिसऱ्या ओळीत जे येतं ते आम्ही आधी घेतो. पाण्याच्या टाकीचा नळ, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी, वायरिंग, बसकर पट्ट्या, कुलूप लागेल असं लोखंडी कपाट. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं सरकारकडून मोफत मिळतात, त्यामुळे त्यात पैसे घालत नाही. गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून ती पुन्हा मिळाली का, एवढंच विचारतो.

दिलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढली पाहिजे. त्या पानाचा फोटो आला की आमचं काम संपलं.

६. मी चित्रकार आहे. सगळे पैसे द्यावेच लागतात का? थोडे ठेवले तर वाईट दिसेल का?

अजिबात वाईट दिसणार नाही. उलट थोडे ठेवाच. सगळं फुकट देणारा चित्रकार एकदा येतो. रंग-कागदाचा खर्च निघतो तो दरवर्षी येतो. आमच्याकडे नेहमीची वाटणी अशी : फ्रेमचा खर्च वजा करून उरलेल्यातले तीस टक्के चित्रकाराला, सत्तर टक्के शाळेला. कोणाला सगळे द्यायचे असतील तर त्याचा मान वेगळा, पण चिठ्ठीवर तसं लिहायचं नाही. शेजारच्या टेबलावरचा हातावर पोट असलेला चित्रकार मग उगाच ओशाळतो.

गिऱ्हाइकाला मात्र वाटणी स्पष्ट दिसली पाहिजे. ‘सर्व रक्कम शाळेला’ असं लिहून तीस टक्के कापणं म्हणजे सरळ खोटं बोलणं.

७. किंमत कशी ठरवता? चांगल्या कामासाठी आहे म्हणून दुप्पट लावायची का?

नाही. दया दाखवून विकलेलं चित्र लोक घरी नेतात आणि कपाटामागे ठेवतात. किंमत चित्राचीच असावी.

नव्या चित्रकारांसाठी चौरस इंचाचा हिशेब सोपा पडतो. समजा चित्र १२ बाय १६ चं आहे. म्हणजे १९२ चौरस इंच. दर १५ रुपये धरला तर २,८८०. फ्रेमचे ८००. झाले ३,६८०, आपण ३,७०० लिहितो. विकलं गेलं की ३,७०० मधून ८०० फ्रेमचे गेले, राहिले २,९००. त्यातले ८७० चित्रकाराचे, २,०३० शाळेचे. हा हिशेब चित्राच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवतो. विचारणाऱ्याला चित्र उलटं करून दाखवायचं, बोलायची गरज पडत नाही.

जोडीला शंभर-दोनशे रुपयांच्या छापील प्रती ठेवा. चित्र बघायला येणाऱ्या दहांपैकी नऊ जणांच्या घरात मोठ्या चित्राला भिंतच नसते, पण हात हलवत जायलाही त्यांना बरं वाटत नाही.

८. लिलाव ठेवला तर जास्त पैसे येतील ना?

येतील, किंवा भर सभागृहात सन्नाटा पसरेल. आम्ही एकदा ठेवला होता. एका ज्येष्ठ चित्रकारांच्या कामाची सुरुवातीची बोली पुकारली आणि पुढे कोणी तोंडच उघडेना. ते स्वतः पहिल्या रांगेत बसलेले. शेवटी आमच्यातल्याच एकाने पाचशे वाढवून चित्र घेतलं. तेव्हापासून किंमत ठरलेली. फारच मागणी असलेलं एखादं काम असेल तर बंद पाकिटात लेखी बोली घेतो. संध्याकाळी पाकिटं उघडतो, कोणाचं पाणी उतरत नाही.

९. कूपन काढून सोडत ठेवली तर? पन्नास रुपयांचं कूपन, एकाला चित्र.

नको. पैसे घेऊन, नशिबावर बक्षीस देणं हे परवानगीशिवाय केलं तर खासगी लॉटरीत मोडतं आणि तो गुन्हा आहे. हेतू कितीही चांगला असला तरी. मंडळं करतात म्हणून आपणही करावं असं नाही.

१०. प्रदर्शन कुठे आणि कधी भरवावं? गड्ड्यात स्टॉल लावला तर?

जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेला होम मैदानावर गड्डा भरतो तेव्हा गर्दी अफाट असते, पण माणसं पाळण्यात बसायला आलेली असतात. तिथे छापील प्रती, भेटकार्डं आणि कापडी पिशव्या जातात. फ्रेममधलं चित्र धुळीने खराब होतं. मोठ्या कामांसाठी बंद सभागृह बरं. एप्रिल-मेमध्ये दुपारी सोलापुरात कोणीही घराबाहेर पडत नाही. ज्यांना हे खोटं वाटतं त्यांनी एकदा भरवून बघावं.

फलक मराठीत असावाच, पण शहराच्या तेलुगूभाषक पूर्वभागात लावायचा असेल तर तेलुगूतही लिहा; कन्नड आणि उर्दूही जमल्यास उत्तम. आमच्याकडे तेलुगू फलक आल्यावर यंत्रमागवाली मंडळी जोडीने येऊ लागली. चित्र घेण्याआधी पाठीमागचं कापड बोटांत चोळून बघतात. कॅनव्हासबद्दल त्यांनी दिलेल्या सूचना कुठल्या कला महाविद्यालयातही मिळणार नाहीत.

आणि हो, शेंगाचटणीचा स्टॉल शेजारी लावू नका. लावलात तर हिशेब वेगळा ठेवा. चटणी चित्रांपेक्षा जास्त विकली जाते.

११. हातमाग, चादरी, टॉवेल यांना ‘कला’ म्हणून जागा आहे का?

आहे, आणि सोलापूरने ती द्यायलाच हवी. इथल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, हे आपण बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगतो आणि प्रदर्शनात मात्र तैलचित्रं टांगतो.

केरळात २०१८ च्या महापुरानंतर जे झालं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. चेंदमंगलमच्या विणकरांच्या ओणमसाठी तयार ठेवलेल्या साड्या चिखलात भिजल्या. डाग जाईनात. मग त्या साड्या निर्जंतुक करून, कापून त्यांच्या छोट्या बाहुल्या केल्या, ‘चेकुट्टी’ नावाच्या, आणि डागासकट विकल्या. तो पैसा शाळांसाठी नव्हता, विणकरांसाठी होता. पण युक्ती घेण्यासारखी आहे : डाग लपवला नाही, तोच विकला. आपल्याकडे विणीत चूक झालेल्या चादरी दुय्यम माल म्हणून पडून असतात. त्यांवर ठसेछपाई करून बैठकी आणि दप्तरं होतात. आम्ही केली आहेत, विकली गेली आहेत.

१२. पूरग्रस्त मुलांनी काढलेली चित्रं विकली तर लोक जास्त घेतील. का नाही विकत?

जास्त घेतील, यात शंका नाही. म्हणूनच जपून.

एका शाळेत आम्ही चौथीच्या वर्गाला कागद दिले. ‘पूर काढा’ असं सांगितलं नव्हतं, तरी निम्म्यांनी पूर काढला. एका मुलाने शाळेचा ध्वजस्तंभ काढला होता आणि त्याच्या टोकाला कोंबडा बसवला होता, खाली सगळं तपकिरी. आमच्यातल्या एकाने ते बघून तिथल्या तिथे हजार रुपये काढले. पोरगं नोटांकडे बघेना. म्हणालं, “सर, हे विकलं तर माझ्याकडं काय राहील?” कोंबडा खरा होता, त्याचाच होता आणि तो वाचला नव्हता.

त्या दिवसापासून नियम असा. मूळ चित्र मुलाकडेच राहतं. पालकांनी लेखी होकार दिला तर स्कॅन करून प्रती विकतो. प्रतीवर मुलाचं पहिलं नाव आणि इयत्ता, बस्स. आडनाव नाही, गाव नाही, चिखलात उभा असलेला फोटो तर नाहीच. चित्राचा स्वामित्वहक्क काढणाऱ्याचा असतो. तो नऊ वर्षांचा आहे म्हणून शाळेचा किंवा आमचा होत नाही. आणि मूल ‘नको’ म्हणालं तर पालकांचा होकार असूनही नको.

१३. चित्र विकत घेतलं तर ८०जीची (आयकरात वजावट मिळवून देणारी) पावती मिळेल का?

नाही. तुम्ही पैसे दिले आणि बदल्यात चित्र नेलं, म्हणजे ती खरेदी झाली, देणगी नाही. त्याचं बिल मिळेल. चित्र न घेता न्यासाला थेट रक्कम दिलीत तर देणगीची पावती मिळते. त्यातही दोन हजारांवरची रक्कम रोखीने दिली तर वजावट नाही. नवी करप्रणाली निवडली असेल तरी नाही.

चित्रकारांनाही सांगतो : न्यासाला चित्र भेट दिलंत तर वस्तूच्या देणगीवर वजावट मिळत नाही. स्वतः विकून आलेली रक्कम बँकेतून दान केलीत तर मिळू शकते, पण मग विक्रीची रक्कम आधी तुमच्या उत्पन्नात धरली जाते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. सीएकडे ‘८०जी’ म्हटलं तरी त्यांना कळेल.

१४. समाजकार्यासाठी आहे, मग जीएसटी कशाला?

समाजकार्य म्हणून विक्रीला आपोआप सूट मिळत नाही. हाताने काढलेल्या मूळ चित्रांवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे. वरच्या उदाहरणातल्या ३,७०० च्या चित्रावर तो १८५ रुपये होईल. मात्र विकणारा जीएसटीत नोंदलेला असेल तरच. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला साधारणपणे वर्षाला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही आणि आपल्यातले बहुतेक त्याच्या जवळपासही फिरकत नाहीत. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावून घेणं मात्र चूक. छापील प्रती, पिशव्या, चादरी यांचे नियम वेगळे आहेत.

१५. आमचं गणेश मंडळ आहे. आम्ही असं प्रदर्शन भरवून पैसे गोळा करू शकतो का? परवानगी लागते का?

करू शकता. नोंदणीकृत न्यास नसताना धर्मादाय कामासाठी वर्गणी-देणगी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सवासाठी मंडळं जी घेतात तीच ही. उत्सवाची परवानगी शाळेच्या मदतीला चालेल असं धरून बसू नका, अर्जात उद्देश नीट लिहा. सोपा मार्ग म्हणजे आमच्यासारखं एखाद्या चालू न्यासाबरोबर जाणं. फक्त त्यांच्या उद्देशांत शिक्षण किंवा आपत्तीतली मदत आहे ना, ते बघून घ्या.

१६. माझा मुलगा अमेरिकेत आहे. तो पैसे पाठवू शकतो का?

मुलाचा पासपोर्ट भारतीय आहे का, यावर उत्तर अवलंबून आहे. भारतीय नागरिक असेल तर परदेशात राहून, स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी धरली जात नाही. नागरिकत्व बदललं असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी, ती परकीय देणगी ठरते आणि एफसीआरए (परकीय देणगी घेण्यासाठीची) नोंदणी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. ज्या न्यासाबरोबर आम्ही काम करतो त्यांची ती नोंदणी नाही, म्हणून अशा रकमा आम्ही परत पाठवतो. ‘आईच्या खात्यात टाकतो, तिथून घ्या’ ही पळवाट कृपा करून सुचवू नका.

मुलाने चित्रकाराकडून थेट चित्र विकत घेतलं तर तो साधा व्यवहार आहे. पुढे चित्रकार आपल्या कमाईचं काय करतो हा त्याचा प्रश्न.

१७. चित्रकार एम. एफ. हुसेन आपल्या पंढरपूरचे. त्यांच्या घोड्यांची कॉपी करून विकली तर चालेल ना? खाली माझंच नाव टाकेन.

पंढरपूरचे म्हणून ते आपले, पण त्यांच्या चित्रांचे हक्क आपले नाहीत. चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. हुसेन २०११ मध्ये गेले, म्हणजे २०७१ संपेपर्यंत थांबा. खाली स्वतःचं नाव टाकणं हा तर दुप्पट घोळ. धावता घोडा काढायला मनाई नाही. त्यांचा घोडा काढायला आहे. आणि खरं सांगू का, सोलापुरात बसून काढायला सिद्धेश्वर तलाव आहे, नंदीध्वज आहेत, जुन्या गिरणीच्या चिमण्या आहेत.

१८. आजोबांच्या देवघरात रविवर्म्याची लक्ष्मी आहे. ती विकून पैसे शाळेला द्यायचेत.

बहुतेक घरांत जी असते ती छापील प्रत असते. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि तिथून हे देव घरोघरी पोचले. छापील असली तरी घाईने फ्रेममधून काढू नका, कागद ठिसूळ झालेला असतो. ती शंभर वर्षांहून जुनी असेल तर पुरावस्तूंचा कायदा (१९७२) लागू होऊ शकतो. अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. रविवर्म्याची हाताने रंगवलेली मूळ चित्रं तर राष्ट्रीय कलाठेव्यात आहेत. आम्ही असं काही टेबलावर घेत नाही. जाणकाराला दाखवा, पुरातत्त्व खात्याला विचारा. आणि एक आगाऊ सल्ला : घरातल्या सगळ्यांना विचारा. मागे एका घरात नात लक्ष्मी घेऊन निघाली होती, आजी दारात आडवी बसली.

१९. घेतलेलं चित्र मी दुकानाच्या कॅलेंडरवर छापू शकतो का?

नाही. तुम्ही कागद विकत घेतला, छापण्याचा हक्क नाही. तो लेखी घ्यावा लागतो. चित्रकाराला विचारा; शाळेला आणखी थोडे द्याल म्हणालात तर सहसा नाही म्हणत नाहीत. मुलांच्या चित्रांसाठी प्रश्न १२ पाहा.

२०. शाळेची रजिस्टरं भिजली आहेत. तुम्ही कागदवाले, काही करता येईल का?

हा प्रश्न शिक्षकांकडून येतो आणि आमच्या मते या सगळ्यांत मोलाचा तोच आहे. जनरल रजिस्टर म्हणजे गावाची स्मृती असते. जन्मतारीख, जात, वडिलांचं नाव, सगळे दाखले तिथून निघतात. बाक नवा येतो, १९५० सालचं पान नवं येत नाही.

उन्हात टाकू नका, इस्त्री फिरवू नका. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका, ओली असताना ती लोण्यासारखी फाटतात. वही चिखलाने माखली असेल तर बंद ठेवूनच संथ स्वच्छ पाण्यात वरवर धुवा, पण शाई फुटत असेल तर पाण्यात घालूच नका. मग सावलीत, पंख्याखाली, उभी करून पानं किंचित विलगवा आणि दर थोड्या पानांमागे कोरा टिपकागद घाला. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. कागद ओला झाला की बदला, दिवसातून चार-पाच वेळा. दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. रजिस्टरं जास्त असतील आणि हात कमी, तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदाला बुरशी लागत नाही, सवडीने एकेक काढून वाळवता येतं. आइस्क्रीमवाले यासाठी फ्रीजर देतात, असा आमचा अनुभव आहे.

आम्ही पाहिलेल्या एका रजिस्टरात बॉलपेनच्या नोंदी शाबूत होत्या आणि टाकाने लिहिलेल्या जुन्या नोंदी निळ्या ढगासारख्या पसरल्या होत्या. तिरक्या उजेडात टाकाचे ओरखडे मात्र दिसत होते. तसे फोटो काढले, बरीच नावं लागली. आता प्रत्येक प्रदर्शनातून टिपकागदाचे काही गठ्ठे या खात्यात बाजूला काढतो. वाळलेल्या रजिस्टरात स्वतः काही गिरवू नका, मूळ नोंदीला हात लावायचा नाही.

२१. आम्ही कॉलेजचे विद्यार्थी आहोत. शाळेच्या भिंती रंगवायला येऊ का? बोलक्या भिंती करतो.

या, पण उन्हाळ्यानंतर. पुराचं पाणी भिंतीत मुरलेलं असतं, प्लास्टर वरून सुकं दिसतं आणि आतून ओलं असतं. त्यावर ऑइलपेंट चढवला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि तुमचा वाघ, मोर, पाढे सगळं पापुद्र्याने खाली येतं. काळ्या मातीवरच्या इमारतींना जमीन आक्रसताना तडेही जातात, ते आधी दिसू द्या. घाईच असेल तर चुना मारा, तो भिंतीला श्वास घेऊ देतो. इमारत जिल्हा परिषदेने निर्लेखित करायला, म्हणजे वापरातून काढून पाडायला घेतली नाही ना, हेही विचारा. पाडायच्या भिंतीवर सुंदर मोर काढून गेलेला एक गट आमच्या माहितीत आहे.

२२. खासगी अनुदानित हायस्कूलला मदत देता का?

क्वचित. त्यांच्या मागे संस्था असते, तिचे विश्वस्त असतात, माजी विद्यार्थी असतात. एकच गोष्ट हमखास देतो : एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांचं वाहून गेलेलं साहित्य. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, अ श्रेणीला सात. रंग नाहीत म्हणून ते गुण हुकू नयेत.

२३. शाळेने पैसे ठरल्यापेक्षा वेगळ्याच कामाला वापरले तर?

एकदा झालं. कपाटासाठी दिलेल्या पैशातून बोअरचा पंप दुरुस्त केला. ठराव नंतर आणला. आमच्यात दोन तट पडले. आम्ही पंप बघायला गेलो, पाणी प्यायलो आणि परत आलो. हिशेबाच्या फलकावर ‘कपाट’ खोडून ‘पंप’ लिहिलं, खोडलेलं तसंच दिसू दिलं. वस्तूच द्यायची ही सवय (प्रश्न ४) तेव्हापासून पक्की झाली.

२४. मला चित्र काढता येत नाही, पण फ्रेमिंगचं दुकान आहे. उपयोग आहे का?

तुमचीच वाट बघतोय. काच नको, ॲक्रिलिक लावा; टेम्पोतून मोहोळपर्यंत नेताना काच टिकत नाही. चित्र ॲक्रिलिकला चिकटू नये म्हणून मधे माउंट हवाच. मागे दोन कड्या आणि दोरी, एक खिळा पुरणार नाही. मागचा पुठ्ठा चारही बाजूंनी टेपने बंद करा, नाहीतर वाळवी आत जाते. आणि पुठ्ठ्यावर उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने हिशेब लिहायला जागा सोडा.